कप्पा केवढा घ्यायचा?

नोव्हेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत सॅम्युअल टिंग यांच्या गटाने काढलेला एक आलेख कणभौतिकीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडतो. आडव्या अक्षावर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीचे वस्तुमान आहे, उभ्या अक्षावर घटनांची संख्या, आणि ३.१ जीईव्हीपाशी (म्हणजे ३.१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी) सुळक्यासारखे शिखर. घटना एकूण २४२. उभ्या अक्षाशेजारी एक लहानशी नोंद आहे, जिच्याकडे विद्यार्थ्यांचे सहसा लक्ष जात नाही: ‘दर २५ एमईव्हीमागे घटना’. एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग. त्या हिस्टोग्रामचा एकेक कप्पा २५ एमईव्ही रुंद होता.

हाच कप्पा २५० एमईव्हीचा घेतला असता, तर सगळे शिखर एक-दोन कप्प्यांत मावले असते. ते शेजाऱ्यांपेक्षा उंच दिसलेही असते, पण ते इतके अरुंद आहे हे कोणाला कळले नसते. आणि जे/साय या नव्या कणाचे सारे महत्त्व त्याच्या अरुंदपणातच होते. उलट कप्पा एका एमईव्हीचा घेतला असता, तर २४२ घटना हजारभर कप्प्यांत विखुरल्या असत्या, बहुतेक कप्पे रिकामे राहिले असते आणि शिखराच्या जागी काड्यांचे कुंपण दिसले असते. घटना त्याच, मोजमाप तेच. फक्त कप्प्यांच्या रेघा बदलल्या की दिसणारे चित्र बदलते. म्हणून कप्प्याची रुंदी कशी ठरवावी हा प्रश्न आलेख सजवण्याचा मानून सोडून देता येत नाही.

जे/सायच्या शोधाला एक पूर्वपीठिका आहे आणि ती इथे फार उपयोगी पडते. त्याच ब्रुकहेव्हनमध्ये लिऑन लेडरमन यांच्या गटाने काही वर्षे आधी म्युऑन-जोड्यांचे वस्तुमान मोजले होते. निकाल १९७० साली प्रसिद्ध झाला. बाकीचे कण अडवून फक्त म्युऑन पलीकडे पोचावेत म्हणून वाटेत जाड धातू ठेवलेला होता. त्यातून जाताना म्युऑनही विखुरत, त्यामुळे वस्तुमानाचे मोजमाप ढोबळ राही. त्यांच्या आलेखात ३ जीईव्हीच्या पुढे शिखर नाही. घसरत्या वक्राला खांद्यासारखा एक फुगवटा आहे. तो कण त्या फुगवट्यात होता. लेडरमन यांनी कप्पे कितीही बारीक केले असते तरी तो वेगळा निघाला नसता, कारण मोजमापातच तो पसरलेला होता.

कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत बर्टन रिश्टर यांच्या गटाची अडचण नेमकी उलटी होती. तिथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीची ऊर्जा टप्प्याटप्प्याने वाढवत प्रत्येक ठिकाणी मोजणी होई, आणि सुरुवातीचा टप्पा २०० एमईव्हीचा होता. जे/सायची नैसर्गिक रुंदी ०.१ एमईव्हीहूनही कमी आहे. यंत्र चांगले, पण पावले लांब. त्यामुळे शिखर दोन पावलांच्या मध्ये राहून गेले. ३.१ जीईव्हीच्या आसपासचे आकडे एकमेकांशी जुळेनात, म्हणून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बारीक पावलांनी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा ते सापडले. १९७६ चे नोबेल टिंग आणि रिश्टर यांना विभागून मिळाले.

या प्रकरणातून माझे ठाम मत झाले आहे की कप्प्याची रुंदी ठरवताना पहिला शब्द उपकरणाच्या विभेदनक्षमतेचा असावा. आपले यंत्र दोन जवळच्या किमती किती अंतरापर्यंत वेगळ्या ओळखू शकते? त्याहून फार रुंद कप्पा घेतला तर मोजलेली माहिती आपण हाताने फेकतो. त्याहून फार अरुंद घेतला तर नवी माहिती काही येत नाही, फक्त यादृच्छिक चढउतार मोठे दिसू लागतात. घटना किती आहेत हा प्रश्न त्यानंतरचा. आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकातली तयार सूत्रे सर्वांत शेवटी.

ती सूत्रे मात्र नीट पाहायला हवीत, कारण आज अनेक संगणक-प्रणाली ती न सांगता वापरतात. हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये दिलेला नियम सर्वांत जुना: घटनांच्या संख्येचा २ या पायावरचा लॉगरिदम घ्या, त्यात १ मिळवा, तितके कप्पे करा. दहा लाख घटनांना हा नियम २१ कप्पे देतो. थोड्या आणि घंटाकृती डेटासाठी तो ठीक. टकरींच्या डेटाला तो निरुपयोगी आहे. डेव्हिड स्कॉट यांनी १९७९ मध्ये अधिक सखोल विचार केला. कप्पा रुंद केला की खऱ्या वक्राचा आकार बोथट होतो, अरुंद केला की प्रत्येक कप्प्यातली अनिश्चितता वाढते. या दोन चुकांची बेरीज किमान कुठे होते हे त्यांनी काढले. उत्तर आले ते असे: डेटाचे प्रमाण विचलन गुणिले ३.४९, भागिले घटनांच्या संख्येचे घनमूळ. फ्रीडमन आणि डायकोनिस यांनी १९८१ मध्ये प्रमाण विचलनाऐवजी मधल्या निम्म्या डेटाचा पसारा घेतला आणि गुणक २ ठेवला. टोकाच्या विचित्र किमतींनी हे सूत्र बिघडत नाही. दोन्हींत घनमूळ आहे, म्हणजे डेटा आठपट झाला की कप्पा निम्मा होतो.

हिग्ज बोसॉनच्या डेटावर ही सूत्रे लावून पाहू. ४ जुलै २०१२ रोजी सर्नमध्ये ज्या शोधाची घोषणा झाली, त्यात दोन फोटॉनांच्या वस्तुमानाचा आलेख महत्त्वाचा होता. ॲटलस प्रयोगाच्या शोधनिबंधात १०० ते १६० जीईव्हीच्या पट्ट्यात सुमारे ५९ हजार घटना होत्या. वक्र डावीकडून उजवीकडे साधारण पाचपट घसरतो असे धरले, तर अशा डेटाचे प्रमाण विचलन १६ जीईव्हीच्या आसपास येते. स्टर्जेस १७ कप्पे सांगतात, म्हणजे कप्पा साडेतीन जीईव्हीचा. स्कॉट सांगतात साधारण दीड, फ्रीडमन-डायकोनिस १.३. ॲटलसने प्रत्यक्षात घेतला २ जीईव्हीचा कप्पा, सर्नमधल्याच सीएमएस प्रयोगाने दीडचा. सूत्र किती अचूक, असे इथे कोणालाही वाटेल.

पण ही जुळणी योगायोगाची आहे. सूत्रात शिरलेले १६ जीईव्हीचे विचलन हे सगळे पार्श्वभूमीचे, म्हणजे हिग्जशी संबंध नसलेल्या फोटॉन-जोड्यांचे आहे. हिग्ज तिथे आहे की नाही हे सूत्राला ठाऊकच नाही. पट्टा १०० ते १६० ऐवजी १०० ते ३०० घेतला तर विचलन वाढेल आणि सूत्र कप्पा रुंद करायला सांगेल, १२५ जीईव्हीपाशी काहीही बदललेले नसताना! पुढच्या वर्षांत डेटा दहापट झाला, तर स्कॉट यांचा कप्पा ०.७ जीईव्हीवर उतरेल. पण फोटॉन मोजणारा कॅलरीमीटर तोच असेल. दोन फोटॉनांच्या वस्तुमानाची विभेदनक्षमता या प्रयोगांत एक ते दोन जीईव्ही होती. हिग्जची स्वतःची रुंदी सिद्धांताप्रमाणे ४ एमईव्हीच्या आसपास, म्हणजे शिखराची जी रुंदी दिसते ती जवळजवळ सगळी डिटेक्टरची. कप्पा त्यावरून ठरला, आणि तो बरोबर ठरला.

त्याच शोधनिबंधांत चार लेप्टॉनांचेही आलेख आहेत. तिथे ॲटलसचा कप्पा ५ जीईव्हीचा, सीएमएसचा ३ चा. विभेदनक्षमता तिथेही एक-दोन जीईव्हीच्या घरात, मग कप्पे रुंद का? कारण शिखरात मोजक्याच घटना होत्या. बारीक कप्प्यांत शून्य, एक, शून्य, दोन असे आकडे दिसले असते आणि डोळ्याला काहीच उमगले नसते. घटनांची संख्या दुसऱ्या क्रमांकावर येते ती अशी.

कप्पा रुंद केल्याने नेमके किती गमावतो याचा हिशेब सोपा आहे. घंटाकृती शिखराची जागा ठरवायची असेल आणि विभेदनक्षमता, म्हणजे त्याचा सिग्मा, ठाऊक असेल, तर अर्ध्या सिग्माच्या कप्प्याने सुमारे दोन टक्के माहिती वाया जाते. एका सिग्माच्या कप्प्याने आठ टक्के. दोन सिग्माच्या कप्प्याने मात्र पाव हिस्सा जातो. कोट्यवधी खर्चून मिळवलेल्या डेटाचा पाव भाग आलेख काढताना सोडून देणे मला अक्षम्य वाटते. म्हणून अर्धा ते एक सिग्मा हा पल्ला शिखर शोधताना चांगला.

कप्प्याच्या कडा कुठे पडतात याकडे तर रुंदीपेक्षाही कमी लक्ष जाते. समजा शिखरात ४० घटना आहेत, कप्पा दोन सिग्मा रुंद आहे आणि प्रत्येक कप्प्यात पार्श्वभूमीच्या १०० घटना अपेक्षित आहेत. शिखर कप्प्याच्या बरोबर मधोमध आले तर त्या कप्प्यात २७ घटना जादा येतात. शंभराचे वर्गमूळ दहा, हा यादृच्छिक चढउताराचा सिग्मा (विभेदनक्षमतेचा नव्हे), म्हणजे २.७ सिग्माचा उंचवटा. कडा अर्ध्या कप्प्याने सरकवल्या की तेच शिखर दोन कप्प्यांत वाटले जाते, प्रत्येकात १९ जादा, आणि दोन्ही कप्पे १.९ सिग्मावर राहतात. पहिला आलेख पाहून गटात खळबळ उडेल, दुसरा पाहून कोणी मान वर करणार नाही. ज्याला खळबळ हवी आहे तो नकळत पहिला आलेख निवडतो. त्यात लबाडी असेलच असे नाही. चार प्रकारे आलेख काढून ‘सर्वांत स्वच्छ दिसणारा’ ठेवणे पुरेसे असते.

साठच्या दशकात नव्या कणांचा पूर आला तेव्हा हे फार घडत होते. बर्कलीचे आर्थर रोझेनफेल्ड यांनी १९६८ मध्ये या प्रश्नावर एक लेख लिहिला. जगभरचे गट वर्षाला इतके हिस्टोग्राम काढतात की निव्वळ योगायोगाने तीन सिग्माचे उंचवटे शेकड्यांनी आणि चार सिग्माचे काही तरी दिसणारच, असा त्यांचा हिशेब होता. पाच सिग्माच्या जवळ जाईपर्यंत थांबा, हा त्यांचा सल्ला. त्याच लेखात सहकारी जेरी लिंच यांच्या ‘गेम’ नावाच्या संगणक-कार्यक्रमाची हकिगत आहे. एखादा मित्र आपला चार सिग्माचा उंचवटा घेऊन आला, की त्याच्या डेटातून उंचवटा नसलेला गुळगुळीत वक्र काढायचा, त्या वक्रावरून यादृच्छिक शंभर खोटे हिस्टोग्राम बनवायचे आणि खरा त्यांत कुठेतरी मिसळून द्यायचा. मग तो गठ्ठा घेऊन प्रयोगशाळेच्या बोळातून फिरायचे आणि भेटेल त्या भौतिकशास्त्रज्ञाला विचारायचे, यातला सर्वांत आश्चर्यकारक कोणता? पुष्कळदा बोट ठेवले जाई ते शंभर खोट्यांपैकी एकावर. कप्पे निवडताना डोळ्यावर किती विसंबावे याची याहून चांगली परीक्षा माझ्या वाचनात नाही, आणि आजचा संगणक ती काही सेकंदांत घेऊ शकतो.

इशारा खरा होता हे नंतरच्या यादीवरून दिसते. सर्नमधल्या गटाला ए-टू मेसॉनचे शिखर मधोमध दुभंगलेले दिसले. १९७१ पर्यंत इतर प्रयोगांनी ते अखंड असल्याचे दाखवले. १९७६ मध्ये लेडरमन यांच्याच फर्मिलॅबमधल्या गटाला ६ जीईव्हीपाशी घटनांचा पुंजका दिसला. तो योगायोग असण्याची शक्यता पन्नासात एक एवढीच काढली गेली होती. पुढच्या वर्षी अधिक डेटा आला तेव्हा तो नाहीसा झाला, आणि ९.५ जीईव्हीपाशी अप्सिलॉन हा खरा कण सापडला. जपानमधल्या लेप्स प्रयोगाने २००३ मध्ये १.५४ जीईव्हीपाशी पाच क्वार्कांचा कण मोजक्या घटनांवरून जाहीर केला. जेफरसन लॅबच्या क्लास प्रयोगाने कितीतरी अधिक डेटा घेतला, त्यात तो नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये ७५० जीईव्हीपाशी दिसलेला फोटॉन-जोड्यांचा उंचवटा पुढच्या ऑगस्टपर्यंत ओसरला. यांतली प्रत्येक चूक केवळ कप्प्यांची नव्हती. पण थोड्या घटना आणि डेटा पाहून झाल्यावर ठरवलेले कप्पे एकत्र आले की धोका वाढतो, म्हणून कप्पे आणि कडा डेटा उघडण्यापूर्वी, सिम्युलेशनवरून ठरवण्याची आजची पद्धत मला अत्यावश्यक वाटते.

आतापर्यंत कप्पे सारख्या रुंदीचे धरले. तसे असण्याचे कारण नाही. प्रोटॉनांच्या टकरीतून निघणाऱ्या दोन जेटांच्या (कणांच्या झोतांच्या) वस्तुमानाचा आलेख हजारांपासून आठ-नऊ हजार जीईव्हीपर्यंत पसरतो आणि घटना उजवीकडे लाखो पटींनी कमी होतात. सीएमएसच्या या शोधात कप्पे विभेदनक्षमतेएवढे ठेवतात, आणि ती वस्तुमानासोबत वाढते. एक कप्पा ११८१ ते १२४६ जीईव्ही, म्हणजे ६५ रुंद. पुढे एक ४०१० ते ४१७१, म्हणजे १६१ रुंद. आणखी पुढे ६०९९ ते ६३२८. हे आकडे पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्र वाटतात, गोल का नाहीत असा प्रश्न पडतो. ते यंत्राने सांगितलेले आकडे आहेत, म्हणून गोल नाहीत. वर्षानुवर्षे तेच ठेवल्यामुळे कोणाला आपल्या आवडत्या उंचवट्यासाठी कडा सरकवता येत नाहीत, हा दुसरा फायदा.

असमान कप्प्यांत एक पथ्य पाळावेच लागते: प्रत्येक कप्प्यातली संख्या त्याच्या रुंदीने भागायची. नाहीतर रुंदी जिथे बदलते तिथे आलेखात खोटी पायरी उभी राहते. रुंद कप्प्यात बिंदू कुठे मांडावा हाही प्रश्न आहे. झपाट्याने घसरणाऱ्या वक्रात कप्प्याची सरासरी ही मध्यबिंदूवरची किंमत नसते. लॅफर्टी आणि वायट यांनी १९९५ मध्ये सांगितले की वक्राची किंमत जिथे कप्प्याच्या सरासरीइतकी असते, तिथे बिंदू ठेवा.

हे स्वतः करून पाहायचे असेल तर साधने मोकळी आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था ज्या सीएमएस प्रयोगात सहभागी आहे, त्याने २०१४ पासून आपला डेटा टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला केला आहे. त्यात म्युऑन-जोड्यांच्या एक लाख घटनांचा, २ ते ११० जीईव्हीचा संच आहे; पुण्या-नाशिकच्या कॉलेजातल्या संगणकावरही तो सहज चालतो. त्यावर स्टर्जेसचा नियम लावा. १८ कप्पे येतील, प्रत्येक ६ जीईव्हीचा. जे/साय पहिल्या कप्प्यात गडप, अप्सिलॉन दुसऱ्यात, आणि नव्वदपाशी झेड बोसॉनचा एक बुटका उंचवटा. आता कप्पे प्रमाणात वाढते घ्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा एक-दीड टक्क्याने रुंद. साधारण तेवढीच म्युऑन-वस्तुमानाची विभेदनक्षमता आहे. एका रेघेत कणभौतिकीचा अर्ध्या शतकाचा इतिहास उभा राहतो. विद्यार्थ्याने हे दोन आलेख शेजारी ठेवून पाहिले की त्याला सूत्र पाठ करायची गरज उरत नाही.

मोजमाप मुळातच पूर्णांकांत येत असेल तर वेगळाच सापळा असतो. बारा बिटांचा डिजिटायझर ० ते ४०९५ असे ४०९६ आकडे देतो. कोणी सवयीने हजार कप्पे केले तर ९०४ कप्प्यांत चार-चार आकडे पडतात आणि ९६ कप्प्यांत पाच-पाच. त्या ९६ कप्प्यांत घटना पंचवीस टक्क्यांनी जास्त, साधारण दर दहा कप्प्यांनी एक टोक, अगदी कंगव्यासारखे. १०२४ कप्पे करा, टोके नाहीशी होतात. आलेखात ठरावीक अंतराने टोके दिसली की निसर्गाकडे जाण्यापूर्वी हा भागाकार तपासावा.

शिखर शोधणे एक, आणि डिटेक्टरचा परिणाम वजा करून खरा वक्र जगासमोर ठेवणे दुसरे. या दुसऱ्या कामात घटना एका कप्प्यातून शेजारच्या कप्प्यात सरकलेल्या असतात आणि त्या परत आपापल्या जागी पाठवायच्या असतात. सपाट वक्रात कप्पा एका सिग्माएवढा असेल, तर शंभरातल्या जेमतेम ३७ घटना आपल्या कप्प्यात राहतात. दोन सिग्मा केला तर ६१, तीन केला तर ७३. निम्म्याहून कमी घटना घरी राहिल्या की उलटा हिशेब अस्थिर होतो आणि उत्तरात खोटे हेलकावे येतात. म्हणून इथे दोन सिग्मा किंवा अधिक रुंद कप्पे घेतात. शिखर शोधताना जी उधळपट्टी ठरते तीच इथे गरज आहे. ‘योग्य रुंदी कोणती’ असे नुसते विचारून चालत नाही ते यामुळे.

कप्पे टाळताही येतात. प्रत्येक घटनेचे मोजलेले वस्तुमान जसेच्या तसे घेऊन वक्र बसवला तर काहीच वाया जात नाही. अनेक गट तसे करतात आणि हिस्टोग्राम फक्त दाखवण्यापुरता काढतात. त्या पद्धतीची उणीव एवढीच की वक्र डेटाला चांगला बसला आहे की नाही हे तपासायला पुन्हा कप्प्यांकडेच यावे लागते. जेफ्री स्कार्गल यांनी गॅमा किरणांच्या स्फोटांसाठी शोधलेली ‘बेजियन ब्लॉक्स’ ही पद्धत डेटालाच कडा निवडू देते. टकरींच्या डेटावरही तिचे प्रयोग झाले आहेत. चित्र काढायला ती उत्तम आहे, पण शोधाच्या दाव्यासाठी मी ती वापरू देणार नाही, कारण कडा डेटा पाहूनच ठरतात.

विभेदनक्षमतेचा आधार जिथे सुटतो ती जागा म्हणजे यंत्रशिक्षणाचे गुणांक. हल्ली घटनेतल्या वीस-पंचवीस राशी एका न्यूरल नेटवर्कला देतात आणि ते शून्य ते एक यांमधला एक अंक देते. त्याला एकक नाही, सिग्मा नाही. मग समजा हिग्ज शोधायचा आहे, तर शेवटच्या, हिग्जच्या घटनांनी भरलेल्या कप्प्याची कड ०.९५ वर ठेवायची की ०.९९ वर? कड वर सरकवली की अपेक्षित सामर्थ्य वाढत जाते, आणि एका क्षणी त्या कप्प्यात पार्श्वभूमीच्या सिम्युलेशनच्या दोन-तीनच घटना उरतात. मग ते सामर्थ्य कागदावरचे असते. कप्प्यात सिम्युलेशनच्या किमान किती घटना हव्यात याची मर्यादा प्रत्येक गट स्वतः घालतो. ही मर्यादा शोधनिबंधाच्या मुख्य मजकुरात छापलेली असावी, असा माझा आग्रह आहे. ती कळल्याशिवाय वाचकाला शेवटच्या कप्प्यावर किती भरवसा ठेवावा हे समजत नाही.

खरा वक्र काढण्याचे कामही आता कप्प्यांविना होऊ लागले आहे. ‘ऑम्नीफोल्ड’ या पद्धतीत प्रत्येक सिम्युलेटेड घटनेला वजन देऊन डिटेक्टरचा परिणाम काढतात. ॲटलसने २०२४ मध्ये झेड बोसॉन आणि जेट यांच्या २४ राशी एकत्र, कप्पे न पाडता प्रसिद्ध केल्या. म्हणजे कप्प्याची रुंदी यापुढे प्रयोग करणारा ठरवणार नाही. दहा वर्षांनी तो डेटा उतरवून घेणारा कोणी तरी ठरवील. त्याच्या हाती वजनांसोबत प्रत्येक राशीची विभेदनक्षमताही पोचली पाहिजे, नाहीतर लेडरमन यांच्या खांद्यावर तो एक एमईव्हीचे कप्पे पाडत बसेल.